बीगलचा कप्तान फिट्झरॉय न्यूझीलंडचा गव्हर्नर म्हणून का फसला?

निळी_शाई: डार्विनला घेऊन गेलेल्या ‘बीगल’चा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय पुढे न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला, हे आत्ताच कळलं. डिसेंबर १८४३ मध्ये पोचला आणि १८४५ सरायच्या आत त्याच्या जागी जॉर्ज ग्रे. एवढा कसलेला दर्यावर्दी, दोन वर्षंही का टिकला नाही?

जुना_डेकवाला: आयुष्य बोटीवर काढलंय, त्यामुळे त्याला ‘फसला’ म्हणवत नाही. तो येण्याआधी सहा महिने वायराऊला जमिनीच्या मोजणीवरून चकमक झाली होती. २२ गोरे मेले, त्यातले काही शरण आल्यावर मारलेले. वसाहतवाल्यांना सूड हवा होता. हा वायकानेला गेला, ‘ते राउपराहा’ या माओरी सरदाराचं म्हणणं समोरासमोर ऐकून घेतलं आणि निवाडा दिला: शरण आलेल्यांना मारलंत हे वाईटच, पण जमीन रीतसर विकत न घेता मोजायला गेले, चूक त्यांची. झालं! गोरे वसाहतवाले कायमचे वैरी झाले.

निळी_शाई: म्हणजे न्याय केला म्हणून गेला?

कागदी_होडी: तेवढ्यानेच नाही हो. तिजोरीत खडखडाट. वरून मनाई असताना त्याने रोखे काढून ते चलन म्हणून चालवले. जकातही उठवली, मग उत्पन्न यायचं कुठून? उत्तरेत होने हेके हा माओरी सरदार कोरोरारेका गावातला ब्रिटिश झेंड्याचा खांब पाडत होता, एकदा नाही, चारदा. मार्च १८४५ मध्ये गावच हातचं गेलं.

जुना_डेकवाला: रोख्यांचं मान्य. पण ती खोड जुनी. बीगलवर असताना मोजणीला दुसरं गलबत हवं म्हणून जवळजवळ १३०० पौंड स्वतःचे घातले. नौदलाने छदामही दिला नाही, शेवटी गलबत विकावं लागलं. भर दर्यात कप्तान कुणाला विचारणार? ठरवायचं आणि निस्तरायचं. खुर्चीत बसूनही तो तसाच वागला. लंडनहून उत्तर यायला महिनोन्‌महिने जायचे, हेही धरा.

आणि खांबाचा विषय निघालाच आहे म्हणून: १८६१ पासून ब्रिटनच्या बंदरांत खांबांवर वादळाचे इशारे चढायला लागले, ते याच्यामुळेच. खांबावर टांगलेल्या शंकूचं टोक वर असलं की उत्तरेकडून वादळ, खाली असलं की दक्षिणेकडून. अंदाज चुकला की लोक टिंगल करायचे. १८६५ मध्ये त्याने जीव दिला. पुढच्या वर्षी इशारे बंद केले, तर दर्यावरच्या लोकांनीच ओरड केली. १८६७ मध्ये इशारे परत सुरू.