नाताळच्या जेवणात यंदा कोणकोणतं मटण ठेवावं? व्याही साताऱ्याचे, मार्गशीर्ष चालू

थोरली सून, वसई

यंदा, म्हणजे २०२६ चा नाताळ आमच्या घरी आहे. २५ तारखेच्या रात्री अठरा माणसं जेवायला. एरवी आमच्याकडे हा प्रश्नच पडत नाही. डुकराचं सोरपोटेल (मटण आणि काळीज व्हिनेगरच्या मसाल्यात मुरवलेलं), डुकराचंच विंदालू, बदकाचं मोयली (सौम्य रस्सा), बकऱ्याचा रस्सा, खिम्याचे पोटॅटो चॉप्स, भाजलेली कोंबडी आणि फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव. सासूबाई सांगणार, आम्ही जावा करणार.

यंदा मे महिन्यात पुतण्याचं लग्न झालं. सून साताऱ्याकडची, मराठा घरातली. तिचे आईवडील आणि आजी पहिल्यांदाच आमच्याकडे नाताळला येणार आहेत. ते एरवी मटण-कोंबडी खातात, डुक्कर नाही. पण यंदा नाताळ मार्गशीर्षात आला आणि त्यांच्याकडे हा पूर्ण महिना पाळतात. आमची सूनसुद्धा पाळते. म्हणजे चार पानं शाकाहारी.

दिरांचं म्हणणं, "डुक्कर यंदा करूच नका, पाहुण्यांना कसं वाटेल? सरसकट चिकन बिर्याणी करा आणि बाजूला व्हेज पुलाव." सासूबाई यावर काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. त्या पंच्याहत्तरीच्या आहेत, बायपास झालेली आहे, त्यामुळे त्यांना स्वतःला सोरपोटेल चमचाभरच मिळतं. पण मसाला अजून त्याच वाटून घेतात, व्हिनेगरचा अंदाज त्यांचाच.

मला पाहुण्यांचा मान ठेवायचाय आणि सोरपोटेलही काढायचं नाहीये. त्यात कॅनडाहून येणारा भाचा टर्की हवी म्हणतोय. शिवाय नाताळ शुक्रवारी आलाय आणि चर्च शुक्रवारी मांस टाळायला सांगतं, तर त्या दिवशी मटण चालतं का, असंही एका जावेनं विचारलं. नेमकं काय ठेवू आणि काय गाळू? किती आणू तेही सांगा.

---

शुक्रवारचं सांगतो

नाताळ हा महासण आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या १२५१ व्या कलमात स्पष्ट आहे की शुक्रवारी महासण आला तर त्या दिवशी मांसवर्ज्य नाही. जावेला निर्धास्त राहायला सांगा.

---

वाडीतली मावशी

सूनबाई, आधी एक सांगते. सोरपोटेल काढू नकोस. तुझ्या सासूबाई आत का गेल्या, ते तुला कळलंय म्हणूनच तू इथे विचारते आहेस. पाहुणे नाताळला आपल्या घरी येतात ते आपला नाताळ बघायला. व्याह्यांना ठाऊक आहे की मुलगी ख्रिस्ती घरात दिली आहे. डुक्कर लपवून बिर्याणी पुढे केली, तर उलट त्यांनाच अवघडल्यासारखं होईल की आपल्यामुळे या लोकांचा सण बदलला.

पण सहा प्रकारचं मटण करायची गरज नाही. अठरातली चार पानं गेली, तीन लहान मुलं असतील, म्हणजे नीट मटण खाणारी दहा-अकरा माणसं. डुकराचे दोन प्रकार कशाला? विंदालू गाळ. बकऱ्याचा रस्साही गाळ, त्याला चव उतरायला वेळ लागतो आणि त्या दिवशी चुलीपाशी उभं राहावं लागतं. सोरपोटेल, बदक आणि कोंबडी, बस.

सोरपोटेलला तीन किलो डुक्कर घे, चरबीसकट, आणि अर्धा-पाऊण किलो काळीज व दिल वेगळं. उरलं तरी चांगलंच, २६ ला सकाळी पावाबरोबर तेच लागतं. मंगळवारीच करून ठेव. मटणाचे मोठे तुकडे मीठ आणि थोडं व्हिनेगर घालून अर्धवट शिजव, पूर्ण गार होऊ दे, मगच नखाएवढे काप. गरम कापलंस तर चरबी सुटून चुरा होतो. मग चरबीचे तुकडे आधी कढईत टाक, त्यांच्याच तेलात मटण वेगळं परत, काळीज वेगळं परत. काळीज मटणाबरोबर टाकलं तर ते कडक होतं आणि मटण कच्चं राहतं. काश्मिरी मिरची, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग, हळद, लसूण, आलं हे सगळं व्हिनेगरमध्येच वाटायचं. पाण्याचा थेंब नको, म्हणजे टिकतं. भांडं मातीचं किंवा स्टीलचं घे. अॅल्युमिनियमचं अजिबात नको, व्हिनेगर त्याला खातं आणि चव बिघडते. गार झालं की फ्रिजमध्ये ठेव, बुधवारी आणि गुरुवारी एकदा उकळी येईपर्यंत गरम कर. शुक्रवारी रात्री व्हिनेगर मटणात मुरलेलं असतं, पहिल्या दिवशीचा झोंबणारा आंबटपणा उरत नाही.

व्हिनेगर आणि मीठ सासूबाईंनाच घालू दे. आणि त्यांच्यासाठी चमचाभर काढायचं तेव्हा चरबी नसलेले तुकडे निवडून काढ.

बदकं तीन सांग. एका बदकात चार-पाच माणसं होतात, कारण हाडं जास्त आणि अंगावर मटण कमी. आत्ताच सांगून ठेव, नाताळच्या आठवड्यात मिळेल तसलं जून बदक गळ्यात पडतं आणि दोन तास शिजवून चिवट राहतं. मोयलीत मसाला सौम्य असतो, कांदा, आलं, लसूण, हिरवी मिरची, थोडा बॉटल मसाला (बाटलीत भरून ठेवतो तो आपला घरचा मसाला) आणि शेवटी बटाटे. मुलंही खातात. म्हणून कोंबडी एकच भाज, दीड-दोन किलोची.

चॉप्सचं बघ. आमच्या लहानपणी चॉप्सचा खिमा बैलाच्या मटणाचा असायचा. मार्च २०१५ मध्ये कायदा लागू झाला तेव्हापासून राज्यात बैल कापायला बंदी आहे, म्हशीचं मटण मिळतं. पण त्या रात्री तेही टेबलावर नको. व्याह्यांना प्रत्येक ताटात काय आहे हे विचारावं लागू नये. चॉप्स करायचेच तर कोंबडीच्या खिम्याचे कर.

---

मार्गशीर्ष पाळणारी, कोल्हापूर

मी तुमच्या व्याह्यांच्या जागची आहे, म्हणून लिहिते. आमच्या घरी काहीजण फक्त गुरुवार पाळतात, काहीजण अमावस्येपर्यंत पूर्ण महिना. तुम्ही पूर्ण महिना म्हणताय, तर २४ चा गुरुवार उपवासाचा, महालक्ष्मीच्या पूजेचा. त्यांना २५ च्या सकाळी निघू द्या, २४ ला बोलावू नका.

दुसऱ्याच्या ताटात डुक्कर आहे याचा आम्हाला त्रास होत नाही. त्रास होतो तो आपल्या ताटात काय आलंय याची खात्री नसल्याचा. तेव्हा चार गोष्टी सांभाळा. कढई, झारा, चमचे वेगळे ठेवा. तळणाचं तेल वेगळं. तुमच्या फुग्यांत अंडं घालता का, ते बघा. घालत असाल तर त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या करा. आणि नाताळच्या केकमध्ये अंडं असणारच, तर एक लहान केक बिनअंड्याचा करून घ्या. केक कापताना आजी बाजूला उभ्या राहिल्या तर सगळ्यांनाच वाईट वाटेल.

आणि कृपा करून व्हेज पुलाव आणि पनीर करू नका. ते आम्हाला प्रत्येक लग्नात मिळतं. डिसेंबरात ओल्या वालाच्या शेंगा येतात, त्यांची नारळाच्या दुधातली भाजी करा. तुमच्याच मसाल्यात वांगं-बटाटा करा. वसईची केळी आहेत. तुमच्या घरची चव त्यांच्याही ताटात यायला हवी.

विहीणबाईंना आधी फोन करून सगळं सांगा. सुनेला मध्ये घालू नका, नवी सून दोन्हीकडून अडकते.

---

मेलबर्नहून

टर्कीबद्दल. गोठवलेली मिळाली तर ती फ्रिजमध्येच वितळवावी लागते आणि दर दोन-अडीच किलोला एक पूर्ण दिवस लागतो. पाच किलोची असेल तर बुधवारी सकाळीच फ्रीझरमधून फ्रिजमध्ये काढायला हवी. बाहेर ओट्यावर ठेवून वितळवू नका. घरच्या लहान ओव्हनमध्ये ती मावत नाही, बेकरीच्या भट्टीत द्यावी लागेल. मांडीच्या जाड भागात ७४ अंश सेल्सियस झाल्याशिवाय काढायची नाही. मी इथे दरवर्षी भाजतो आणि मनापासून सांगतो, बदक होत असेल तर टर्कीच्या मागे लागू नका. भाच्याला कॅनडात टर्की मिळते, मोयली मिळत नाही.

---

थोरली सून, वसई

सगळ्यांचे आभार. काल विहीणबाईंशी बोलले. मी डुकराचं नाव घेताना जरा अडखळले, तर त्याच म्हणाल्या, "अहो ताई, तुमचा सण आहे, तुम्ही काय करायचं ते करा, आम्हाला फक्त आमची भांडी दाखवा." आजी पूर्ण महिना लसूण-कांदाही खात नाहीत, हे फोन केला म्हणून कळलं. त्यांच्यासाठी वालाची भाजी वेगळी काढेन.

दिरांना सासूबाईंसमोरच सांगितलं की सोरपोटेल होणार. दिरांनी एवढंच विचारलं की किती किलो. सासूबाईंनी कालच मिरच्या उन्हात घातल्या.

टर्की नाही, भाच्याला कळवलं. तीन बदकं, तीन किलो डुक्कर, एक कोंबडी असं ठरलं. चॉप्स धाकट्या जावेनं कोंबडीच्या खिम्याचे अंगावर घेतलेत. आता एकच विचारायचंय, मावशी. बदकाचं मोयली आदल्या दिवशी केलं तर चालेल का? गुरुवारी मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली उपासना) आहे, घरी येऊन झोपायला दोन वाजतात.

---

वाडीतली मावशी

गुरुवारी दुपारी बदक शिजवून ठेव, पण बटाटे घालू नकोस, ते रात्रभरात रस्सा पिऊन फुटतात. शुक्रवारी संध्याकाळी गरम करताना घाल, वीस मिनिटांत शिजतात. आणि वर आलेली चरबी सकाळी थंड असतानाच चमच्यानं काढून टाक, सासूबाईंनाही दोन घास घेता येतील.