घरी केलेलं क्रीम दुसऱ्याला द्यावं का?

कोरी_बरणी
सहा वर्षं झाली, लिप बाम, केसांचं तेल, क्रीम, उटणी असं बरंच काही घरी करते. करते आणि वाटते. वाढदिवस कुणाचाही असो, माझ्याकडून बरणी ठरलेली. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने मी दिलेल्या कोरफडीच्या क्रीमचा फोटो पाठवला. झाकणाच्या आत करडी बुरशी. बरणी देऊन सतरा दिवस झाले होते, आणि ती शेवटपर्यंत रोज चेहऱ्याला लावत होती. "वास जरा वेगळा येत होता, पण म्हटलं तू केलंयस म्हणजे नैसर्गिकच असणार." तिला काही झालं नाही. मी मात्र फ्रीजमधल्या उरलेल्या चार बरण्या त्याच संध्याकाळी ओतून टाकल्या.

तर माझं मत, झोडपायचं तर झोडपा: ज्यात पाणी आहे असं काहीही घरी करून दुसऱ्याला देऊ नये. स्वतःसाठी केलंत तर त्याच दिवशी संपवा. तेल, मेण आणि कोरड्या पुडी खुशाल करा, खुशाल वाटा. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, काढा हे सगळं पाण्यातच धरायचं. मी त्यात व्हिटॅमिन ई घालत होते, 'टिकण्यासाठी'. ते तेलाला खवट होऊ देत नाही एवढंच, जंतूंना त्याचं सोयरसुतक नाही, हे मला सहा वर्षांनी कळलं.

उगाच_शंका
साफ असहमत. बुरशी आली म्हणजे निदान कळलं तरी. विकतच्या बरणीत ती येत नाही ती कशामुळे, तेही लिहा की.

माझ्या पापण्या दोन वर्षं सुजत होत्या. सोलवटायच्या, खाजायच्या. शेवटी पॅच टेस्ट केली (कातडीवर पट्ट्या चिकटवून कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघतात), तेव्हा निघालं मिथाइलआयसोथायाझोलिनोन, म्हणजे माल टिकावा म्हणून घालतात ते एक प्रिझर्व्हेटिव्ह. क्रीम, शाम्पू, ओले वाइप्स, सगळीकडे असायचं ते. २०१३ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने त्याला 'वर्षाचा अ‍ॅलर्जेन' (अ‍ॅलर्जी आणणारा पदार्थ) ठरवलं आणि २०१७ पासून युरोपात धुऊन न टाकायच्या क्रीम-लोशनमध्ये त्याला बंदी आली. त्याआधी तेच 'मान्यताप्राप्त आणि सुरक्षित' होतं बरं का. तेव्हापासून मी क्रीम घरीच करतो, बहिणीलाही देतो. तीन वर्षांत एकही तक्रार नाही.

बीकर
उगाच_शंका, पापण्यांचं वाचून वाईट वाटलं. पण एका प्रिझर्व्हेटिव्हने छळलं म्हणून सगळेच टाकून द्यायचे, हे एका स्वयंपाक्याने खारट केलं म्हणून मीठच सोडण्यासारखं झालं.

धागाकर्तीला बुरशी दिसली हे तिचं नशीब. बॅक्टेरिया इतके सौजन्य दाखवत नाहीत. स्यूडोमोनाससारखे जंतू क्रीममध्ये लाखांच्या संख्येने असले तरी रंग, वास, पोत जसाच्या तसा राहू शकतो. निरोगी कातडीला बहुधा काही होत नाही, म्हणूनच 'तीन वर्षांत तक्रार नाही'. तेच बोट डोळ्यात गेलं, किंवा नुकत्याच सोललेल्या जागी लागलं, तर गोष्ट वेगळी. (तुम्ही ते पापण्यांनाच लावत असणार. विचार करा.)

फ्रीजने वाढ मंदावते, थांबत नाही. उकळलेलं पाणी वापरलंत तरी पहिल्यांदा बोट बुडवलंत की हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू. बरं, काही लोक सोडिअम बेन्झोएट घालतात आणि निर्धास्त होतात. ते आम्लधर्मी मिश्रणातच काम करतं, साधारण ५ पीएचच्या खाली (पीएचचा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त). त्याच मिश्रणात खायचा सोडा घातला असेल तर बेन्झोएट बरणीत नुसतं पाहुणा म्हणून बसून राहतं.

फेसाळ
मी साबण करते, आणि धागाकर्तीचा नियम मला दोन्ही बाजूंनी चुकीचा वाटतो.

साबणात पाणी असतंच. पण तो ९–१० पीएचचा असतो, त्यामुळे त्यात जंतूंची डाळ शिजत नाही. म्हणजे पाणी आहे तरी देता येतो. उलट, पाण्याचा थेंबही नसलेली वस्तू घातक असू शकते, इसेन्शियल ऑइलच्या, म्हणजे झाडापानांतून काढलेल्या तीव्र सुगंधी तेलांच्या बाटल्या बघा. खरा प्रश्न वजनकाट्याचा आहे. लोक चमच्याने आणि 'अंदाजे' मोजतात.

उदाहरण देते. १ किलो ऑलिव्ह तेलाचा साबण व्हायला साधारण १३४ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. १ किलो खोबरेल तेलाला १८३. कुणी खोबरेलाची कृती घेऊन 'घरात ऑलिव्ह आहे तेच घालू' म्हणालं, तर जवळजवळ ४९ ग्रॅम सोडा मोकळा उरतो. दिसायला वडी सुंदर, आंघोळीला बसलात की अंगाची आग. म्हणून मी हिशोबापेक्षा ५ टक्के सोडा कमीच घालते आणि वड्या चार ते सहा आठवडे वाळवते. आणि सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. ओतलंत तर उकळून तोंडावर उडतं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं तर लांबच ठेवा, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो.

एवढं पाळणाऱ्या बाईने साबण भेट द्यायचा नाही? का म्हणून?

कोरी_बरणी
फेसाळ, साबणाचं मान्य, माझ्या नियमातून साबण वगळा. पण तुमच्याकडे काटा आहे, पाच टक्क्यांचा हिशोब आहे. मी ज्यांना कृती सांगते त्यातल्या निम्म्या जणी 'वाटीभर' विचारतात.

चमचाभर
सगळे क्रीमलाच धरून बसलात. औषधांचं काय?

माझा पक्ष घरगुतीचाच. खोकल्याला मध, हे आता नुसतं आजीचं सांगणं राहिलेलं नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०१९ साली खोकल्यासाठी जे मार्गदर्शन काढलं त्यातही मध आहे. पण त्यातच लिहिलंय, एक वर्षाच्या आतल्या बाळाला नाही. मधात बॉट्युलिझमच्या (अंग लुळं पाडणारी जीवघेणी विषबाधा) जंतूंचे बीजाणू असू शकतात, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात, आणि घरच्या उकळीने मरत नाहीत. 'आम्हाला चाटवला होता, आम्ही कुठे मेलो' हे उत्तर कृपया इथे देऊ नका. जे गेले ते उत्तर द्यायला आलेले नाहीत.

लिंबाचंही तेच. त्याचा रस २ ते २.५ पीएचचा, आपल्या कातडीचा पीएच ५ च्या आसपास. वर रस लावून उन्हात गेलात तर सालीतली आणि रसातली फ्युरोकौमरिन नावाची द्रव्यं उन्हातल्या अतिनील किरणांनी पेटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड, मग महिनोन्‌महिने काळपट डाग. डाग घालवायला लिंबू लावलं आणि डागच पदरात पडला.

उगाच_शंका
म्हणजे तुम्हीही विरोधातच! घरगुतीचा पक्ष म्हणे.

चमचाभर
विरोधात नाही. मोजून करा म्हणतोय. घरच्या औषधाचं माझं लाडकं उदाहरण म्हणजे मीठ-साखरेचं पाणी. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांची पाकिटं करून पाण्यात कालवून पाजायला लावली. पाजणारे कोण, तर रुग्णांचे नातेवाईकच. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. यात कसलीही महागडी गोष्ट नाही, पण माप आहे. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. 'सपाट' हा शब्द शोभेसाठी नाही. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला तेच पाणी बाधतं.

बीकर
याला माझं पूर्ण अनुमोदन. इसेन्शियल ऑइलबद्दल फेसाळ म्हणाल्या त्यात एक भर: विंटरग्रीन तेल जवळजवळ संपूर्ण मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्याच जातीचं द्रव्य. एक चमचा, ५ मिलि, पोटात गेलं तर वीसहून जास्त अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्यांइतकं होतं. सांधेदुखीच्या घरगुती मलमासाठी आणलेली ती बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. टी ट्री तेल उघडं राहिलं की हवेने बदलतं आणि जुन्या बाटलीची अ‍ॅलर्जी जास्त येते. ३० मिलि तेलात सहा थेंब, म्हणजे सुमारे १ टक्का. त्याच्या वर कशाला जायचं?

उगाच_शंका
ठीक. बहिणीला क्रीम देणं थांबवतो. स्वतःचं थांबवणार नाही. पण घरचं सगळं जंतूंचं आगर आणि विकतचं सगळं तपासलेलं, हे मी मान्य केलेलं नाही, नोंद घ्यावी.

बीकर
नोंद घेतली. निदान एवढं करा, थोडं थोडं करा, बोटाऐवजी स्वच्छ चमचा वापरा, आणि बरणीवर तारीख लिहा. आठवड्याच्या वर ठेवू नका.

उगाच_शंका
तारीख लिहायचं सुचलंच नव्हतं कधी. कोरी_बरणी, पाण्याशिवायच्या बामचं प्रमाण टाका ना. मला कायम एकतर दगड होतो नाहीतर सूप.

कोरी_बरणी
वजनाने एक भाग मधमाशांचं मेण, चार भाग तेल. मेण आधी वितळवा, तेल थोडं कोमट करून मग घाला, नाहीतर रवाळ होतं. दगड झाला तर परत वितळवून तेल वाढवा, सूप झालं तर मेण. बशीवर एक थेंब टाकून फ्रीजमध्ये दोन मिनिटं ठेवा, लगेच कळतं. ओल्या चमच्याने मात्र ढवळू नका.

फेसाळ
आणि काट्यावर मोजा. वाटीने नाही.