गावच्या वाचनालयाला सरकारी अनुदान: गोव्याचा कायदा काय सांगतो आणि सुरुवात कुठून करायची?

अग्रशाळा_वाचनालय (डिचोली तालुका)

नमस्कार मंडळी. गावातल्या मंडळाचे वाचनालय देवस्थानच्या अग्रशाळेतल्या (भाविकांच्या उतरण्याच्या इमारतीतल्या) एका खोलीत चालते. पुस्तके १४०० च्या आसपास, सभासद ९०, रोज संध्याकाळी दोन तास उघडे. सगळी पुस्तके देणगीतली किंवा वर्गणीतून घेतलेली. आता सरकारी मदत मागायचे ठरले आहे.

सिंधुदुर्गातले पाहुणे म्हणतात, ‘ड वर्गाची मान्यता घ्या, दरवर्षी अनुदान सुरू होईल.’ गोव्यात असे वर्ग आहेत का? दारूवरच्या करातून ग्रंथालयांना पैसे मिळतात असेही ऐकले, ते मागायचे कोणाकडे? केंद्र सरकारचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान इमारतीला पैसे देते का? आणि या सगळ्यात पहिले काम कोणते?

दाखल_क्रमांक

पाहुण्यांचे म्हणणे खरे आहे, पण ते पत्रादेवीच्या सीमेपलीकडे, महाराष्ट्रात. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात उपकर (ग्रंथालयांसाठी लावलेला जादा कर) नाही. ग्रंथालयाला अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो आणि दर्जाप्रमाणे वार्षिक परिरक्षण (चालू खर्चाचे) अनुदान ठरते. सरकारी ग्रंथालये हा विषय घटनेच्या राज्यसूचीत, १२ व्या नोंदीत आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याची घडी निराळी. आपल्याला लागू आहे तो गोवा सार्वजनिक ग्रंथालय कायदा, १९९३. महाराष्ट्रातला नमुना अर्ज भरून इथे दिलात तर त्याचा काही उपयोग नाही.

उपकराचे जरा सविस्तर सांगतो, कारण यात बऱ्याच जणांचा घोळ होतो. मद्रासचा १९४८ चा कायदा, आंध्रचा १९६०, कर्नाटकचा १९६५, केरळचा १९८९, या सगळ्यांनी ग्रंथालय उपकर घरपट्टीला जोडला. गोव्याने घरपट्टीला हात लावला नाही. इथे तो भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर आणि बियरवर अधिभार म्हणून बसवला आहे. ही रक्कम अबकारी खात्यामार्फत तिजोरीत जाते आणि ग्रंथालयांपर्यंत येते ती विधानसभेने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पातून. त्यामुळे ‘उपकरातला आमचा वाटा द्या’ असा अर्ज कुठल्याच टेबलावर चालणार नाही. अर्ज चालू योजनेखालीच करावा लागतो.

ही पद्धत मला एका बाजूने चांगली वाटते. घरपट्टीच्या पद्धतीत वसुली करते पंचायत किंवा नगरपालिका, आणि ग्रंथालयाचा हिस्सा पुढे पाठवायलाही तीच. तिथेच पैसा अडतो. आपल्याकडे तो अडथळा नाही. पण दुसरी बाजूही आहे. घरपट्टीच्या पावतीवर ‘ग्रंथालय उपकर’ अशी ओळ दिसली की माणूस विचारतो, माझ्या गावात ग्रंथालय कुठे आहे? अबकारी अधिभार कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून तो कुठे खर्च होतो हेही कोणी विचारत नाही. ग्रामसभेत हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

जायचे कुठे, तर पणजीला पाटो भागातल्या संस्कृती भवनात. कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय तिथेच आहे. १५ सप्टेंबर १८३२ ला सुरू झालेले हे ग्रंथालय देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, आणि ते कला आणि संस्कृती संचालनालयाखाली येते. क्युरेटरच्या (ग्रंथालयप्रमुखाच्या) कार्यालयात चालू वर्षाच्या योजनेचा अर्ज आणि शेवटची तारीख विचारा. जुन्या अर्जाची झेरॉक्स कोणी दिली तर ती वापरू नका.

प्रतिष्ठानच्या योजना दोन तऱ्हेच्या. जुळणी योजनेत राज्य आपला हिस्सा घालते, त्यात प्रतिष्ठान आपला घालते, आणि पुस्तके, रॅक, फर्निचर, जागा वाढवणे अशा कामांसाठी त्यातून मदत मिळते. बिगर-जुळणी योजनेत पूर्ण रक्कम प्रतिष्ठानची असते. स्वयंसेवी संस्थांची ग्रंथालये, बालविभाग, शतकमहोत्सवासारखे टप्पे गाठलेली ग्रंथालये यांना त्यातून मदत होते. तुमच्यासाठी पहिला मागणीअर्ज पुस्तकांचा आणि रॅकचा असावा. इमारत नंतर.

जमाखर्च_फोंडा

अनुदान मंजूर होऊनही खात्यात येत नाही, याचे गोव्यातले एक मोठे कारण नावाचे स्पेलिंग. साखळी, डिचोली, म्हापसा ही नावे रोमन लिपीत पोर्तुगीज वळणानेही लिहितात आणि उच्चाराप्रमाणेही. नोंदणी प्रमाणपत्रावर एक, पॅन कार्डावर दुसरे, बँकेत तिसरे. मग पी.एफ.एम.एस. वर (सरकारी पैसे खात्यात पाठवण्याच्या केंद्राच्या ऑनलाइन व्यवस्थेत) खाते जुळत नाही आणि रक्कम परत जाते. म्हणून पहिले काम हे: संस्था नोंदणी कायदा, १८६० खालचे प्रमाणपत्र पुढ्यात ठेवा आणि पॅन, बँक पासबुक व एन.जी.ओ. दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा आयडी त्यावरच्या स्पेलिंगशी अक्षरन् अक्षर जुळवा. ‘मंडळ’ आणि ‘मंडळाचे वाचनालय’ ही दोन नावे असतील तर अर्ज नोंदणी ज्या नावाने आहे त्याच नावाने करा. महाराष्ट्रातली मंडळी धर्मादाय आयुक्तांचा दाखला मागायला सांगतील. तो ज्या कायद्याखाली मिळतो तो गोव्याला लागू नाही, त्यात वेळ घालवू नका.

अनुदानासाठी वेगळे बचत खाते उघडा. त्यात वर्गणी जमा करू नका. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे केंद्रीय अनुदानावरचे व्याज तुमचे नसते, हिशेब पुरे झाल्यावर ते परत भरावे लागते. वर्गणी आणि अनुदान एकत्र असले की व्याज वेगळे काढताना सनदी लेखापालही हात टेकतो.

विनियोग प्रमाणपत्र (अनुदान कशावर खर्च झाले याचा दाखला) याच सामान्य वित्तीय नियमांच्या (जी.एफ.आर.) २०१७ च्या आवृत्तीप्रमाणे जी.एफ.आर. १२-अ या नमुन्यात द्यायचे. जुना १९-अ अजून फिरतो आहे. तो जोडला की फाइल परत येते. आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत हे प्रमाणपत्र गेले नाही तर पुढचा हप्ता विसरा. मागच्या ३ वर्षांचे लेखापरीक्षित हिशेबही आत्ताच तयार करून ठेवा.

आणखी एक. छापील पुस्तकांवर जी.एस.टी. नाही, लोखंडी रॅकवर १८ टक्के आहे. १०,००० चा रॅक बिलात ११,८०० होतो. मागणीपत्रात १०,००० लिहिलेत तर वरचे १,८०० मंडळाच्या खिशातून.

एक_चौदा

इमारतीबद्दल. अग्रशाळा देवस्थानची, मंडळाची नाही. जागा संस्थेच्या नावावर नसेल किंवा दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा नसेल, तर इमारतीच्या अर्जावर पहिला आक्षेप तोच येतो. आधी फॉर्म १ व १४ चा (जमिनीच्या हक्क नोंदीचा) उतारा काढा आणि कब्जेदाराच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते बघा. देवस्थान असेल तर महाजनांचा (देवस्थानच्या सभासदांचा) ठराव लागतो, आणि देवस्थानांचा प्रशासक मामलेदार असल्याने कागद त्याच्याकडून जातो. कोमुनिदादची (जुन्या गावकरी संस्थेची सामाईक) जमीन असेल तर कोमुनिदाद प्रशासकाकडून. शेतजमीन असेल तर १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली बिगरशेती रूपांतराची सनद (परवानगी) आलीच. हे सगळे व्हायला अनुदानाच्या वर्षापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून ‘इमारत नंतर’ हा वर दिलेला सल्ला बरोबर आहे.

दुसरी वाट पंचायतीची. घटनेच्या ११ व्या अनुसूचीत पंचायतीच्या विषयांमध्ये २० वा विषय ‘ग्रंथालये’ आहे. ग्रामसभेत ठराव घेऊन पंचायत घरातली खोली मिळवता येते. फक्त खोली पंचायतीची आणि पुस्तके मंडळाची, हे करारात स्पष्ट लिहून घ्या.

अग्रशाळा_वाचनालय

सगळ्यांचे आभार. एक अडचण राहिली. १४०० पैकी ६०० पुस्तकांचीच दाखल नोंदवहीत (आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन लिहितात त्या वहीत) नोंद आहे. आणि पावसाळ्यात बुरशी धरलेली चाळीसेक पुस्तके काढून टाकायची आहेत. तपासणीला आलेले लोक काय बघतात?

दाखल_क्रमांक

तपासणीत सगळ्यात आधी दाखल नोंदवहीच उघडतात. उरलेली ८०० पुस्तके अर्जाआधी चढवा. बांधीव वही, पानांना छापील क्रमांक, आणि रकाने असे: तारीख, दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, पाने, किंमत, कोणाकडून आले, बिल क्रमांक, शेरा. देणगीच्या पुस्तकाला बिल नसते, तिथे ‘देणगी’ आणि देणाऱ्याचे नाव. किमतीचा रकाना मात्र रिकामा ठेवू नका, छापील किंमत घाला. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून बाजूला सही. पांढरी शाई नको. पुस्तकावर शिक्का शीर्षकपानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर, दोन्हीकडे तोच दाखल क्रमांक. पुढे अनुदानातून पुस्तके आली की बिलाच्या मागे ‘दाखल क्र. १४०१ ते १४६०’ असे लिहून कार्यवाहाची सही घ्या. बिलावरून पुस्तक आणि पुस्तकावरून बिल सापडले की तपासणी अर्ध्या तासात आटोपते.

बुरशीच्या पुस्तकांची आधी यादी करा, कार्यकारिणीत ठराव घ्या, मग शेऱ्यात ‘रद्द’, ठराव क्रमांक आणि तारीख. दाखल क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला परत द्यायचा नाही. अनुदानातून घेतलेली वस्तू असेल तर मंजुरी देणाऱ्या कार्यालयाला विचारल्याशिवाय काढू नका.

हरवलेल्या पुस्तकांना लोक उगाच घाबरतात आणि गणती टाळतात. केंद्राच्या वित्तीय नियमांत २०,००० पर्यंत पुस्तके असतील तर दरवर्षी पूर्ण गणती सांगितली आहे, आणि वर्षाला दर १००० देवघेवींमागे ५ पुस्तकांपर्यंतची घट वाजवी धरली आहे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. म्हणजे वर्षाला २४०० देवघेवी झाल्या तर १२. १,००० रुपयांवरचे किंवा दुर्मीळ पुस्तक गेले तर चौकशी लागतेच. हा हिशेब देवघेव नोंदवही नीट असेल तरच मांडता येतो.

बुरशीचे मूळ बहुतेक रॅक भिंतीला टेकलेले असण्यात आहे. जून ते सप्टेंबर चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत पाणी पिते. रॅक अर्धा फूट पुढे ओढा, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर ठेवा, पुस्तके दाटीने कोंबू नका. काढून टाकायच्या चाळीस पुस्तकांमधली कोरडी बुरशी आधी उन्हाच्या कडेला, सावलीत, मऊ ब्रशने झाडून बघा, नाकाला मास्क लावून. त्यातली बरीच वाचतील. जी ओली आहेत ती मात्र आजच वेगळ्या खोलीत हलवा.