गाडी सुरू करण्याआधी फुंकायचे: गोव्यात हे कुलूप सक्तीचे करावे का?

माशेलकर
६ ऑगस्ट २०२३ च्या रविवारी बाणस्तारी पुलावर भरधाव मोटारीने समोरच्या वाहनांना उडवले आणि तीन माणसे गेली. चालक प्यायलेला होता, असा आरोप झाला. मी माशेलला राहते, नोकरी पणजीत, त्यामुळे तो पूल माझ्या रोजच्या वाटेवरचा. आजही बस पुलावर चढली की माझा हात पुढच्या सीटच्या दांड्यावर जातो. पुढे मे २०२४ मध्ये वेर्णा औद्योगिक वसाहतीत बस झोपड्यांत घुसली, झोपेतले चार मजूर गेले. तिथेही तोच आरोप.

माझे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक नव्या चारचाकीत श्वास तपासणारे कुलूप सक्तीचे करा. नळीत फुंकायचे, दारू मर्यादेपेक्षा जास्त निघाली तर इंजिन सुरूच होणार नाही. आपल्या कायद्यात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड १०,००० रुपये झाला, सहा महिन्यांची कैदही होऊ शकते. पण हे सगळे पकडल्यावर. श्वासातली दारू मोजणारा आल्कोमीटर घेऊन पोलीस कुठे उभे आहेत हे दहा मिनिटांत मोबाईलवर फिरते आणि गावातून जाणाऱ्या आडवाटा सगळ्यांना पाठ आहेत.

फ्रान्समध्ये प्रवासी बसगाड्यांना हे कुलूप २०१५ पासून सक्तीचे आहे. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ते जोडता येईल अशी सोय ठेवावीच लागते, कुलूप मात्र सक्तीचे नाही. अमेरिकेने २०२१ च्या कायद्यात नव्या गाड्यांसाठी असे तंत्र आणायचे ठरवले, पण नियमाची २०२४ ची मुदत टळून गेली. आपण निदान मागणी तरी करूया.

पर्वरीकर
ताई, तुमचा हेतू शंभर टक्के पटतो, उपाय पटत नाही. माझी आई सत्तरीची आहे. तिने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही आणि तिला दमा आहे. बाजारात जाताना रोज तिने जोर लावून नळीत फुंकायचे, ते कोणाच्या गुन्ह्यासाठी?

दुसरे म्हणजे, गोव्यातल्या रस्त्यांवर सर्वाधिक जीव जातात ते दुचाकीस्वारांचे. त्यांच्या स्कूटरला तुम्ही हे कुलूप लावणार नाही. सरसकट बंदी कशी चालते हेही आपण बघितले आहे. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगत ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद केली, पुढे लहान गावांसाठी ते अंतर २२० मीटर झाले. आमच्या कोपऱ्यावरचा बार काही महिने बंद होता. गिऱ्हाईक त्याच स्कूटरवर बसून आतल्या रस्त्यावरच्या बारमध्ये जायचे आणि परत येताना अरुंद रस्ता, वळणे, काळोख.

रात्री नवानंतर गावात बस नाही. टॅक्सीवाला सांगेल तो भाव. माणसाने पार्टीहून घरी यायचे कसे, याचे उत्तर आधी द्या.

डिचोलीचा मेकॅनिक
तीस वर्षे गॅरेज चालवतो म्हणून थोडे लिहितो. मोबाईलएवढा हँडसेट, त्याला गुंडाळीची वायर. आत फ्युएल सेल असतो. श्वासातला अल्कोहोल प्लॅटिनमच्या पट्टीवर जळतो, त्यातून बारीक करंट निघतो आणि करंटवरून प्रमाण कळते.  मात्र माऊथवॉशने चूळ भरून लगेच फुंकले तर नापास करतो. पंधरा मिनिटे थांबायचे, तोंडातला अंश निघून जातो. दुसऱ्याने फुंकून द्यावे म्हणाल तर चालू गाडीत मधेमधे पुन्हा फुंकायला सांगतो. न फुंकल्यास इंजिन बंद करत नाही, ते धोक्याचेच. हॉर्न वाजवतो, दिवे लावतो, नोंद ठेवतो.

यंत्र चांगले आहे. माझी काळजी वेगळीच. वेगाला मर्यादा घालणाऱ्या स्पीड गव्हर्नरची तार काढून ठेवलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. पासिंगच्या आदल्या दिवशी मालक म्हणतो, जोडून दे. मी जोडून देत नाही, दुसरा कोणी देतो. सेन्सरचे कॅलिब्रेशनही, म्हणजे माप बरोबर आहे का ते जुळवणे, ठरावीक महिन्यांनी करावे लागते. ते तपासणार कोण?

अमेरिकेत ही कुलपे मुख्यतः शिक्षा झालेल्या चालकांच्या गाडीत लावतात. कुलूप असेपर्यंत पुन्हा पिऊन सापडण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने उतरते, काढल्यावर तो फायदा फारसा टिकत नाही. म्हणून मी म्हणेन, एकदा सापडलेल्यांना आधी लावा, आणि लांब मुदतीसाठी लावा.

रात्रपाळी
मी इस्पितळात अपघात विभागात परिचारिका आहे. पर्वरीकर भाऊ, दुचाकीवाला मरतो हे खरे, पण त्याला ठोकरणारा पुष्कळदा चारचाकीत बसलेला असतो आणि आपल्या पायांनी चालत आत येतो. गेल्या हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत असाच एक आला, कपाळावर टाके पडतील एवढीच जखम. शेजारच्या खाटेवर त्याने उडवलेला मुलगा. मुलाच्या एका पायात चप्पल होती, दुसरी कोणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या आईच्या हातात दिली होती. टाके घालून होईपर्यंत तो माणूस मला एकच सांगत होता, ‘सिस्टर, दोनच घेतले होते.’ त्याला ते मनापासून खरे वाटत होते. आपल्याला किती चढली आहे हे प्यायलेल्याला कळत नाही, म्हणून ते ठरवणारे दुसरे काहीतरी हवे. तुमच्या आईला नळीत फुंकावे लागेल याचे मला वाईट वाटते. दम्याच्या माणसाला डॉक्टरच्या दाखल्यावर सूट देता येईल. पण त्या मुलाच्या आईला मी काय सांगू?

हणजूणकर
माझ्या चार रेंट अ कॅब आहेत, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः चालवायच्या भाड्याच्या मोटारी. चर्चा शेवटी आमच्या भाड्याच्या गाड्यांच्या काळ्या नंबरपाटीवर येणार हे माहीत होते, म्हणून आधीच सांगतो. कुलूप लावायला मी तयार आहे, मलाही माझ्या गाड्या प्रिय आहेत. पण पर्यटक रात्री दोनला किनाऱ्यावरून फोन करणार की गाडी सुरू होत नाही. मी माणूस पाठवायचा, त्याचे पैसे कोण देणार? आणि चार दिवसांत सगळ्यांना कळेल की गाडीला कुलूप आहे, बाईकला नाही. मग तोच पर्यटक रेंट अ बाईक घेईल, हेल्मेट आरशाला अडकवेल आणि दोघांना मागे बसवेल. तो मेला तर गोव्याचे भले झाले का?

पर्वरीकर
रात्रपाळी ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. भाड्याची वाहने, कंपन्यांच्या बसगाड्या आणि एकदा सापडलेले चालक, एवढ्यांना सक्ती मला मान्य आहे. तिथे माणूस दुसऱ्याचा जीव हातात घेऊन पैसे कमावतो, किंवा त्याने आपला हक्क स्वतःच घालवलेला असतो. स्वतःची गाडी चालवणाऱ्या निर्दोष माणसावर मात्र नाही. आणि हणजूणकर म्हणतात ती बाईकची गोष्ट सोडवल्याशिवाय भाड्याच्या मोटारींपुरते पाऊलही अर्धवटच.

सावर्ड्याचा चालक
मी कंपनीची बस चालवतो. नाव लिहीत नाही. तुम्ही सगळे रात्रीचे बोलता आहात, मी सकाळचे सांगतो. भाच्याच्या लग्नाच्या आदल्या रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो. पहाटे अंघोळ केली, काळी कॉफी घेतली, साडेपाचला पहिला स्टॉप. मला वाटले उतरली. कुडचड्याच्या पुढे एका वळणावर बस पांढऱ्या पट्टीच्या बाहेर गेली, समोर पाववाला सायकलवर होता. त्याने सायकल गटारात घातली म्हणून वाचला. मागे चाळीस माणसे झोपलेली, एकालाही कळले नाही. सकाळी आल्कोमीटर घेऊन मला कधीच कोणी उभे केलेले नाही.

रात्रपाळी
बाब, तुम्ही लिहिलेत हे फार मोठे काम केलेत. १०० मिलिलिटर रक्तातली दारू तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. रात्री साडेअकराला १२० असेल, तर साडेपाचला अजून ३० उरते, म्हणजे कायद्याच्या काठावर. अंघोळीने, कॉफीने, लिंबाने त्यात काही फरक पडत नाही.

माशेलकर
मग मी मागणी बदलते. सुरुवात कंपन्यांच्या आणि शाळांच्या बसगाड्यांपासून, आणि शिक्षा झालेल्यांपासून. खासगी मोटारींचा हट्ट मी सोडलेला नाही, पण तो पुढच्या टप्प्यात. वाहतूक खात्याला निवेदन लिहायला घेते. चालक बाब, साडेपाचला बस सुरू झाली नाही तर तुमच्याकडे काय होईल?

सावर्ड्याचा चालक
आज तसे झाले तर मला घरी पाठवतील आणि परत बोलावणार नाहीत. म्हणून निवेदनात दोन गोष्टी घाला. कंपनीने पहाटेला एक जादा चालक तयार ठेवावा. आणि फुंकून नापास झालेल्याला पहिल्या वेळी कामावरून काढू नये, त्या दिवशी नुसते घरी बसवावे. नाहीतर आम्ही क्लीनरला फुंकायला लावू. तो अठरा वर्षांचा आहे, नाही म्हणणार नाही.