पोलो जीटीनंतर कोणती: एम३४०आय की एस५ स्पोर्टबॅक?

धरमपेठकर

माझ्याकडे २०१४ सालची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे आणि तिने नुकतेच एक लाख चौतीस हजार किलोमीटर पूर्ण केले. १.२ लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी (आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स). आजच्या आकड्यांपुढे हे काहीच नाही, पण ज्यांनी ही गाडी चालवली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. चाकणला तयार होणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे तीच पुन्हा नवी घेण्याचा मार्ग उरलेला नाही.

आता दोन वापरलेल्या गाड्या समोर आहेत, दोन्ही २०२१ च्या आणि दोन्ही पहिल्या मालकाकडच्या. एक बीएमडब्ल्यू एम३४०आय आणि दुसरी ऑडी एस५ स्पोर्टबॅक. दोन्ही ३ लिटरच्या, सहा सिलिंडरच्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या. नव्या असताना त्यांच्या शोरूम किमतींत सोळा लाखांचे अंतर होते (सुमारे ६३ लाख आणि ७९ लाख), मला आज सांगितलेल्या किमतींत मात्र ते फारच थोडे उरले आहे.

रोजचा प्रवास नागपुरातील धरमपेठ ते बुटीबोरी एमआयडीसी आणि परत. महिन्यातून एकदा समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगर, कारण मुलगी तिथे शिकते. वर्षातून दोनदा चिखलदरा. घरी चौऱ्याहत्तर वर्षांची आई आहे आणि तिचे दोन्ही गुडघे दुखतात. माझा कल एस५ कडे आहे, कारण माझे सर्वांत जास्त किलोमीटर लांबच्या सरळ रस्त्यावर जातात आणि ती गाडी त्यासाठीच बांधल्यासारखी वाटते. माझे चुकत असेल तर या मंचावरील जाणकारांनी कारणांसह सांगावे, ही विनंती.

बजाजनगर

कारणांसह सांगतो. तुम्ही पोलोबद्दल जे लिहिले आहे, त्याच्या नेमक्या उलट दिशेला तुमचा कल जात आहे.

पोलो जीटी तुम्हाला आवडली ती वेगामुळे नाही. शून्यापासून शंभरपर्यंत जायला तिला साडेनऊ सेकंदांहून जास्त लागतात. ती आवडली ती तिचे वजन एक टनाच्या थोडे वर असल्यामुळे, तिचे नाक हलके असल्यामुळे आणि स्टिअरिंग वळवताच ती लगेच वळत असल्यामुळे. समोरच्या दोन्ही गाड्या पावणेदोन टनांच्या आसपास आहेत, म्हणजे तो हलकेपणा दोन्हींत गेला आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की हे वजन कोणती गाडी चांगले लपवते.

येथे रचनेतला फरक पाहावा लागतो. ऑडीच्या या मांडणीत इंजिन पुढच्या चाकांच्या अक्षाच्याही पुढे बसवलेले असते. व्ही६ इंजिन (तीन-तीन सिलिंडरच्या दोन तिरप्या रांगा) आखूड असल्यामुळे ते तिथे मावते, पण वजन नाकावर येते ते येतेच. बीएमडब्ल्यूचे सहा सिलिंडर एका रांगेत असल्यामुळे इंजिन लांब आहे, तरीही ते मागे, केबिनच्या दिशेने सरकवलेले आहे, आणि त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांवरचे वजन जवळजवळ समसमान पडते. एक्सड्राइव्ह, म्हणजे बीएमडब्ल्यूची चारही चाके चालवणारी पद्धत, ताकद मुख्यतः मागच्या चाकांना देते आणि गरज पडेल तशी पुढे पाठवते. त्यातही एम३४०आयला मागच्या चाकांसाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे एम स्पोर्ट डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा) आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना एकामागून एक आखूड वळणे लागतात, तिथे हा फरक आकड्यांत नाही, हातात कळतो.

एम३४०आयची ३८७ अश्वशक्ती विरुद्ध एस५ ची ३५४, आणि शून्य ते शंभरला ४.४ सेकंद विरुद्ध ४.८, हे मुद्दाम शेवटी लिहितो, कारण त्यावरून गाडी निवडू नये असेच माझे मत आहे.

वर्धा रोड

वरच्या प्रतिसादातील रचनेची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

धरमपेठकरांनी स्वतःच सांगितले आहे की घाट वर्षातून दोनदा. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे आणि ती पाळायलाच हवी. तिथे टायर फुटून झालेले अपघात आपण सर्वांनी वाचले आहेत. १२० च्या वेगाला ही दोन्ही इंजिने आठव्या गिअरमध्ये निवांत फिरत असतात, आणि दोन्ही गाड्यांतला आठ गिअरचा गिअरबॉक्स मुळात झेडएफ या एकाच कंपनीच्या कुळातला आहे. तेव्हा तासन्‌तास सरळ चालवताना कोणती गाडी माणसाला कमी थकवते, हा खरा प्रश्न आहे. एस५ ची क्वात्रो पद्धत नेहमीच्या स्थितीत पुढे ४० आणि मागे ६० अशी ताकद वाटते आणि यांत्रिक सेंटर डिफरन्शियलने ती हलवते. जुलैमध्ये पाण्याने चमकणाऱ्या सिमेंटच्या रस्त्यावर ही गाडी जशी रुळावर चालल्यासारखी जाते, तसा निर्धास्तपणा मला दुसऱ्या कुठल्याही सेडानमध्ये मिळालेला नाही.

शिवाय एस५ स्पोर्टबॅकला मागे काचेसकट वर उघडणारा दरवाजा आहे. मुलीचे वसतिगृहाचे सामान, सुटकेस, गादीची वळकटी, हे सगळे त्यात जाते. सेडानच्या डिकीच्या तोंडातून गादी आत घालून पाहिलेल्या माणसाला हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.

बजाजनगर

सामानाचा मुद्दा मान्य. पण मागच्या दरवाजासाठी छत जिथे उतरत आणले आहे, त्याच छताखालून आईंना मागच्या सीटवर बसायचे आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना आधी खाली बसून मग डोके वाकवून आत सरकावे लागते. थ्री सिरीज ही सरळ सेडान आहे, तिचा मागचा दरवाजा त्यामानाने उंच आहे.

वर्धा रोड

आई मागे बसतात हे त्यांनी कुठे लिहिले आहे? आमच्याकडे तरी वडील नेहमी पुढे बसतात.

रामदासपेठ

मी व्यवसायाने करसल्लागार आहे, त्यामुळे गाडी वळते कशी यापेक्षा ती महिन्याला किती मागते, याकडे माझे लक्ष आधी जाते.

एम३४०आय चेन्नईत जुळवली जाते आणि एस५ पूर्ण तयार अवस्थेत आयात होत होती. महाराष्ट्रात आयात गाडीला मोटार वाहन कर २० टक्के लागतो, तर वीस लाखांवरील देशी जुळणीच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के. हा कर पहिल्या मालकाने भरला आहे, म्हणून तो आपल्याला लागत नाही असे वाटते. पण आयातीचा परिणाम तिथे थांबत नाही. पुढचा बंपर, एक हेडलाइट किंवा काच बदलायची वेळ आली तर भाग किती दिवसांत येईल आणि किती रुपयांना, हे सर्व्हिस सेंटरकडून दोन्ही गाड्यांबाबत लेखी घ्यावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट विम्याची. २०२१ ची गाडी आता पाच वर्षांच्या उंबरठ्यावर आहे. चार ते पाच वर्षांच्या गाडीला विमा उतरवताना ५० टक्के घसारा धरतात, आणि पाच वर्षांनंतर तिचे मूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. झीरो डेप, म्हणजे भाग बदलताना घसारा न कापणारे विमा संरक्षण, देण्याबाबतही अनेक कंपन्या याच टप्प्यावर हात आखडता घेतात. लाखमोलाच्या भागांच्या गाडीला झीरो डेप नसणे म्हणजे काय, हे मी माझ्या एका अशिलाच्या दाव्यात पाहिले आहे: गतिरोधकावर खालची बाजू आदळून ऑइलचे पात्र फुटले, आणि दुरुस्तीच्या निम्म्याहून अधिक रक्कम त्यांना स्वतः भरावी लागली. म्हणून सौदा करण्याआधी विम्याचा लेखी दर हातात असावा. त्या दरात आणि भागांच्या किमतींत मोठा फरक निघाला, तर निर्णय तिथेच व्हायला हवा.

हिंगणा

तिसरा पर्याय कुणी मांडलेला नाही म्हणून लिहितो. स्कोडाने २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या फक्त २०० गाड्या भारतात आणल्या होत्या. २४५ पीएस, पुढच्या चाकांना ताकद, मागे मोठा उघडणारा दरवाजा आणि पोलोशी एकाच घराण्याचे नाते. धरमपेठकरांना जी गाडी आवडते, तीच मोठी होऊन समोर आल्यासारखी ती वाटेल, आणि हाती बरेच पैसेही उरतील.

धरमपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. ऑक्टाव्हियाचा विचार मी केला होता; पण जन्मात एकदा तरी सहा सिलिंडरची गाडी घरी असावी ही माझी फार जुनी इच्छा आहे, आणि यापुढच्या काळात तशी गाडी मिळणे दिवसेंदिवस कठीणच होणार आहे. त्यामुळे दोघींपैकीच एक.

गेल्या रविवारी दोन्ही गाड्या एकाच रस्त्यांवर, पाठोपाठ चालवल्या. सकाळी साडेसहाला निघालो, म्हणजे ऊन आणि गर्दी दोन्ही टळतील. आधी रिंग रोडचा सिमेंटचा भाग. ताशी साठला सिमेंटच्या प्रत्येक सांध्यावर एम३४०आयमध्ये टक्‌, टक्‌ असा आवाज यायचा आणि तो सीटमधून पाठीला कळायचा. एस५ मध्ये तोच सांधा केवळ कानाला कळला, पाठीला नाही. येथे वर्धा रोड यांचे म्हणणे शंभर टक्के खरे निघाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या उंच गतिरोधकावर दोन्ही गाड्या तिरप्या घेतल्या, तरी दोन्हींचे पोट खरवडल्याचा आवाज आलाच. पोलो तो गतिरोधक अकरा वर्षे सरळ ओलांडत आली आहे.

नंतर सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरलो. वेग चाळीसच्या वर कुठेच गेला नाही. तिथल्या एका डाव्या वळणावर मी एस५ वळवली तेव्हा गाडी वळली, नीट वळली, पण मी तिला वळायला सांगितले आणि तिने ते केले असे वाटले. एम३४०आयमध्ये त्याच वळणावर मी काही सांगितल्याचे मला आठवतच नाही. रोज संध्याकाळी पोलोमध्ये मला हेच होते, आणि इतकी वर्षे ते काय आहे हे मला शब्दांत सांगता येत नव्हते.

आईलाही दोन्हींत बसवून पाहिले. ती पुढे बसत नाही, कारण तिला पट्टा गळ्याला टोचतो. एस५ च्या मागच्या सीटवर बसताना तिने छताला हात लावून डोके सांभाळले आणि उतरताना मला दोन्ही हातांनी धरावे लागले. एम३४०आयमधून ती दाराचा आधार घेऊन स्वतःची स्वतः उतरली.

वर्धा रोड

आईंचा अनुभव वाचल्यावर त्या मुद्द्यावर मी माघार घेतो. चाळीसच्या वेगातल्या एका वळणासाठी समृद्धीवर पाच तास पाठीला सिमेंटचे सांधे सोसायचे, हा हिशेब मात्र मला अजून पटलेला नाही. टायर कोणते बसवलेले आहेत ते तरी तपासा. रन-फ्लॅट टायरची (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या टायरची) बाजू कडक असते, आणि तुम्हाला जाणवलेली टकटक बरीचशी तिथून येत असू शकते. साधे टायर बसवले तर चाल मऊ होते. मात्र मग स्टेपनी आहे का आणि ती कुठे ठेवायची, हेही आधीच ठरवा. समृद्धीवर निघण्याआधी हवा थंड टायरमध्ये तपासायची, ही सवय मे महिन्यात तरी मोडू नका.

हिंगणा

इंधनाचेही पाहून घ्यावे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि २०२१ च्या गाड्या त्याआधीच्या आहेत. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीने कोणते पेट्रोल चालेल ते लिहिलेले असते, तेच प्रमाण मानावे. इथेनॉलने ऑक्टेन वाढते, पण लिटरमागे ऊर्जा कमी मिळते, म्हणून अॅव्हरेज थोडे घटेल. अर्थात हे दोन्ही गाड्यांना सारखेच लागू आहे, त्यामुळे निवडीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

बजाजनगर

टायरबद्दल वर्धा रोड यांच्याशी पूर्ण सहमत. त्याशिवाय गाडी सकाळी पूर्ण थंड असताना स्वतः सुरू करून बघावी. विकणाऱ्याने आपण पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवले असेल, तर त्या दिवशी परत यावे आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जावे.

धरमपेठकर

विम्याचे दर आणि भागांच्या किमती, दोन्ही लेखी मागवले आहेत; रामदासपेठ यांनी सांगितले नसते तर ते माझ्या लक्षातही आले नसते. त्यांत काही अनपेक्षित निघाले नाही, तर एम३४०आय घेणार आहे. पोलो विकणार नाही. बुटीबोरीला रोज तीच जाईल आणि गल्लीतला गतिरोधकही तीच ओलांडेल.

वर्धा रोड, गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहायची आहे, शनिवारी सकाळी. टायरचा विषय तुम्हीच काढलात, तेव्हा तुम्ही सोबत आलात तर बरे होईल.

वर्धा रोड

येतो. साडेसातला शंकरनगर चौकात भेटू. येताना माझी एस५ आणतो; तपासणी झाल्यावर दोन्ही गाड्या घेऊन एकदा रिंग रोडला जाऊ या, म्हणजे तुमचा निर्णय पक्का होण्याआधी मला एक शेवटचा प्रयत्न करता येईल.