स्टार्टर बार तुकड्यांचा की अखंड?

स्टार्टर बार म्हणजे सलग ओतकाम (कंटिन्युअस कास्टिंग) सुरू करताना डायमध्ये, म्हणजे साच्यात, घालायचा दांडा; धातू त्याच्या टोकाला गोठून धरतो आणि बार ओढला की मागून कांब बाहेर येते. जोड आला की ढिलाई आली, म्हणून हा बार अखंडच हवा, असं या चर्चेत कुणी म्हटलंय, ते अर्धंच पटतं. आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये मशीनच्या पुढे अखंड बार मावणार कुठे? (शेड लांबवायची तर शेजारचा भिंत सोडत नाही!) खरी गोम तुकडे जोडणाऱ्या पिनमध्ये आहे. आडव्या कास्टिंगमध्ये बार थोडा ओढायचा, थांबायचं, पुन्हा ओढायचा, असं चालतं. जोडात दोन-तीन मिलिमीटर खेळ असला तर सुरुवातीची ओढ तो खेळ भरण्यातच जाते. डायमधला धातू तेवढा जास्त वेळ थांबतो, डायला चिकटतो आणि पुढच्या झटक्याला कांबेचं नुकतं गोठलेलं कवच फाटतं. म्हणून धातू सोडण्याआधी बार किंचित ओढून सगळे जोड ताणून घ्यायचे.

बार कांबेपासून सोडवण्याबद्दल इथे कुणीच लिहिलं नाही. ओतलेली कांब स्वतः ओढ-रोलरांच्या पकडीत आल्याशिवाय तिला जोडलेला तुकडा सोडायचा नाही, नाहीतर ओढणार कोण? आणि तुकड्याला खालून टेका हवाच. तो लोंबला की पिन अडकते, मग पोरं हातोडा घेऊन धावतात. बारच्या टोकाच्या बोल्टभोवती धातू गोठलेला असतो, तेवढं करवतीने कापायचं आणि पुढच्या वेळी बोल्ट नवा.