थंडी ओसरताना तुमचं काय बिघडलं, काय जमलं? (अनुभव धागा)

गेल्या रविवारी लाँग रनला निघालो तेव्हा आम्ही नऊ जण होतो आणि नऊही जण जाकिटात. पाचव्या किलोमीटरला एक जाकीट कमरेला आलं, आठव्याला आणखी चार. परतताना मी तीन जणांचे हातमोजे माझ्या कानटोपीत भरून आणत होतो, कारण माझ्या वेगाला त्या दिवशी तसाही काही अर्थ उरला नव्हता. ऋतू बदलला हे मला दरवर्षी असंच कळतं.

थंडीतल्या सरावावर सगळे बोलतात, कडक उन्हावरही बोलतात. मधल्या तीन-चार आठवड्यांबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या गटातली दुखणी आठवून पाहिली तर बरीचशी याच दिवसांतली निघतात. म्हणून हा धागा. पळणारे, सायकलवाले, पोहणारे, तिन्ही करणारे आणि तिन्हींतलं एकही धड न करणारे, सगळ्यांनी लिहा. सल्ले नकोत, घडलेलं लिहा. (सल्ला दिल्याशिवाय कोणाला राहवणार नाही हे माहीत आहे.)

आधी माझं. त्या रविवारी वेग नेहमीचाच, पण घड्याळावर हार्ट रेट दहा-बारा ठोक्यांनी वर. आधी वाटलं पट्टा नीट बसला नाही, मग वाटलं झोप कमी झाली. हवा गरम आहे, बाकी काही नाही, हे डोक्यात शिरायला सहा किलोमीटर लागले. पळताना आपण जी ऊर्जा जाळतो त्यातली जेमतेम पाव भाग हालचालीच्या कामी येते, उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. थंडीत ती आपसूक निघून जाते. ऊन आलं की रक्ताला दोन मालक होतात, स्नायू आणि कातडी, आणि बिचाऱ्या हृदयाला दोघांचीही मर्जी राखावी लागते.

शरीर शिकतं, पण आपल्या सवडीने. पहिल्या काही दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, मग घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. दहा ते चौदा दिवसांत बहुतेक काम उरकतं. हे मला गेली सहा वर्षं पाठ आहे, आणि गेली सहा वर्षं पहिल्या गरम रविवारी मी जुन्याच वेगाने पळतो.

*

पर्सनल बेस्टवाला

'पहिल्या गरम रविवारी' +१. मी तर त्या दिवशी पर्सनल बेस्ट करायला निघालो होतो. काय झालं ते विचारू नका. रिक्षाने आलो.

*

नडगीवाली

माझी गोष्ट ऊन्हाची नाही, उजेडाची आहे.

हिवाळाभर आठवड्याला चार दिवस पळत होते. पाचव्या दिवशी अंधार आणि गारठा आडवा यायचा, त्यामुळे तो दिवस आपोआप विश्रांतीचा. मग उजाडायला लागलं लवकर. अंथरुणातून उठताना पाय आखडेनासे झाले. वाटलं, एवढी छान सकाळ वाया कशाला घालवायची? पाचवा दिवस वाढवला. दोन आठवड्यांनी सहावा. श्वास म्हणत होता, चल. मांड्या म्हणत होत्या, चल. नडगीचं हाड काहीच म्हणत नव्हतं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि स्नायुबंध त्यांच्या मागून रेंगाळत येतात, हे मी नंतर वाचलं. नंतर म्हणजे भरपूर वेळ मिळाल्यावर.

आधी पळून झाल्यावर दुखायचं, मग पळताना, मग जिना चढताना. एकच जागा, एका बोटाने दाखवता येईल एवढी. एक्स-रे स्वच्छ आला, मी खूश होऊन परत पळायला गेले. हा माझा दुसरा मूर्खपणा, कारण अशी बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेवर बहुधा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसली. आठ आठवडे बंद. ज्या स्पर्धेसाठी हिवाळाभर पहाटे उठले, त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होते. टाळ्या मनापासून होत्या, डोळ्यांतलं पाणीही.

*

आकडे आवडणारा

नडगीवाली ताई, आठवड्याला पळणं दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम पाळला असता तर... असं लिहिणार होतो, पण प्रामाणिकपणे सांगतो, तो नियमही काही दगडावरची रेघ नाही. नेदरलँड्समध्ये 532 नवख्या धावपटूंवर प्रयोग झाला होता, 2008 साली प्रसिद्ध झाला. हळूहळू वाढवणाऱ्यांत आणि नेहमीच्या पद्धतीने वाढवणाऱ्यांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. मला त्यातून एवढंच कळलं की आकड्याकडे बघून हाडाचं दुखणं विसरायचं नाही.

*

भिंतीकडे तोंड करून बसलेला सायकलवाला

चार महिने घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर. समोर भिंत, बाजूला पंखा, खाली घामाचं तळं. आकडे झकास वाढले, म्हणून पहिल्या बाहेरच्या राईडला गटात सगळ्यांच्या पुढे बसलो. पहिलाच समोरचा वारा लागला आणि आकडे जागच्या जागी राहिले, सायकल मात्र पुढे जाईना. तिसाव्या किलोमीटरपासून मान, तळहात आणि जिथे बसतो ती जागा, तिघांनी संप केला. ट्रेनरवर सायकल तुम्हाला तोलते, बाहेर तुम्ही सायकलला तोलता. वळण कसं घ्यायचं, पुढच्याच्या चाकामागे किती अंतर ठेवायचं, बाटली काढताना हँडल कसं सरळ ठेवायचं, हे सगळं हात विसरून गेले होते. एका वळणावर बारीक खडी होती. कोपराची कातडी तिथे ठेवून आलो.

दुसरा धडा ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला उरकायच्या राईडमध्ये. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ती दिवसा उरकते, त्यामुळे मला वाटलं वसंत कळला. मग 300 ला गेलो, मुदत 20 तास. दुपारी इतकं तापलं की जाकीट कंट्रोलवरच्या (वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावरच्या) ओळखीच्या स्वयंसेवकाकडे देऊन टाकलं. रात्री दोनला उतारावर दात इतके वाजत होते की ब्रेक दाबलेला हात थांबत नव्हता. या दिवसांत एकाच राईडमध्ये दोन ऋतू असतात. दिवस पुढे गेलेला असतो, रात्र अजून हिवाळ्यातच मुक्कामाला.

टायरचंही तेच. पहाटे 8 अंशांत 80 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर दुपारी 28 अंशांत साडेसहा-सातने वर जातो, तापलेल्या रस्त्याचं वेगळंच. घट्ट भरलेल्या टायरवर दुपारी का उसळत होतो ते मला दोन वर्षांनी कळलं. चेनवरचं हिवाळ्याचं ओलं वंगण तसंच ठेवलं तर कोरड्या धुळीत त्याची पेस्ट होते, हे मात्र लगेच कळलं. आवाजावरून.

*

तळ्यात उतरणारी

वर रात्रीबद्दल लिहिलंय, तेच पाण्याबद्दल, फक्त जास्त वाईट. हवा आठवड्यात तापते, तळं महिना घेतं. काठावर टी-शर्टात लोक फिरत असतात, झाडांना पालवी असते, आणि पाण्यात अजून हिवाळा असतो. त्यात पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं.

मी तीन वर्षं पोहते, पण वसंतातल्या पहिल्या दिवशी काठावरच्या उन्हाला भुलून उडी मारली. उडीच. छाती आवळली, श्वास आत, आत, आणखी आत, बाहेर काही येईना. हा गार पाण्याचा पहिला धक्का, मिनिट-दोन मिनिटांत उतरतो, तेवढा वेळ नुसतं तरंगत राहायचं असतं, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि त्या मिनिटात आठवणं यात फरक आहे. कमरेला बांधलेला नारिंगी फुगा होता म्हणून हे लिहितेय. मिठी मारून लटकले त्याला.

पुढची वीस मिनिटं मस्त पोहले. खरी गंमत बाहेर आल्यावर. काठावर हसत गप्पा मारत उभी राहिले आणि दहा मिनिटांनी थरथर सुरू झाली. कडेचं गार रक्त परत आत येत राहतं, बाहेर पडल्यावरही अंगाचं तापमान उतरत जातं. जाकिटाची चेन लावता येईना. गटातल्या एकीने लहान मुलाला घालावं तसे कपडे घातले मला. आता माझा नियम : आधी कोरडं व्हायचं, कपडे घालायचे, मग गप्पा. आणि गाडी लगेच चालवायची नाही.

इंग्लिश खाडी एकट्याने पोहायला जाणाऱ्यांना आधी 16 अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावं लागतं, तेही वेटसूटशिवाय. मी 16 अंशांत वीस मिनिटांवर खूश आहे. कोणाची हरकत?

*

पाणी पिणारी

गेल्या वर्षी उन्हाची एवढी धास्ती घेतली की पहिल्या गरम लाँग रनला दर किलोमीटरला पाणी प्यायले. तहान नसताना. घरी आले तर अंगठी बोटातून निघेना, डोकं जड, मळमळ. सगळे म्हणाले पाणी कमी पडलं, अजून पी. नशिबाने गटातल्या एका डॉक्टरने वजन करायला लावलं. निघतानापेक्षा सव्वा किलोने जास्त! तीन तास पळून वजन वाढलेलं. रक्तातलं सोडियम खाली गेलं होतं.

2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या 13 टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि शर्यतीत वजन वाढणं हे त्याचं मोठं लक्षण होतं. म्हणजे मी एकटी नाही. आता निघताना आणि आल्यावर वजन करते आणि तहान लागली की पिते.

*

सदुसष्टीतला

ताई, तुमचं बरोबर, पण माझं उलटं आहे. वय वाढलं की तहानेची जाणीव मंदावते. मला ऊन उशिरा कळतं, तहान त्याहून उशिरा. 'तहान लागली की प्या' म्हटलं तर मी घरी पोचेपर्यंत पिणार नाही. म्हणून घड्याळात दर वीस मिनिटांनी गजर लावलाय, वाजला की दोन घोट. तरुण मंडळी हसतात. हसू देत, त्यांना गाठण्यासाठी मी पळत नाही.

आणखी एक. थंडीत मी सर्वांच्या मागे असतो, गरम झालं की सर्वांच्या मागे असतो. ऋतुबदलाचा माझ्यावर एवढाच परिणाम.

*

शिंकणारा

थंडीत कोरड्या हवेने छातीत घरघर, वसंतात परागांनी. इनहेलर बारा महिने खिशात. वारा असलेल्या कोरड्या सकाळी मी सरळ घरात ट्रेनर गाठतो. भिंतवाल्या भाऊ, तुमची भिंत मला द्या.

*

पळत नसलेली

मी पळत नाही, मी पळणाऱ्याशी लग्न केलंय. लिहिलं तर चालेल ना?

थंडीत गजर साडेपाचचा होता. आता चारचा. 'ऊन चढायच्या आत' म्हणे. थंडीत एका पळण्यामागे पाच कपडे धुवायला पडायचे, आता दोन, पण त्या दोनांचा वास पाचांच्या वरताण. संभाषणाचा विषय थंडीत हातमोजे असतो, आता मीठ. बाकी घरात ऋतू बदललेला जाणवत नाही.

*

डीएनएफ

पळत नसलेल्या ताई, दंडवत.

मी हिवाळाभर सोळा आठवडे तयारी केली आणि स्पर्धेच्या सकाळी नेमका उकाडा उगवला. तिसाव्या किलोमीटरला बाजूला झालो, म्हणून हे नाव : डीएनएफ, 'डिड नॉट फिनिश', शर्यत अर्धवट. कित्येक दिवस मला हवामानाचाच राग होता, जणू कोणी मुद्दाम केलं. मग एक गोष्ट ध्यानात आली. 2018 साली 16 एप्रिलला बॉस्टन मॅरेथॉन झाली ती बर्फासारख्या पावसात, समोरून वारा, चार अंशांच्या आसपास. मोठमोठे धावपटू सोडून गेले. युकी कावाउची हा सरकारी नोकरी सांभाळून पळणारा जपानी माणूस 2:15:58 मध्ये जिंकला, बायकांत डेझिरे लिंडेन 2:39:54 मध्ये. बरोबर सहा दिवसांनी, 22 एप्रिलला, लंडन मॅरेथॉनला 24.1 अंश, तोवरच्या तिथल्या सगळ्या शर्यतींत सर्वांत गरम. एकच महिना, जवळजवळ एकच आठवडा. दोन्हीकडच्यांनी तयारी मात्र त्याच हिवाळ्यात केलेली.

वसंतातली स्पर्धा म्हणजे हिवाळ्यात लिहिलेलं पत्र, उघडेल तेव्हा हवा कोणती असेल ते लिहिणाऱ्याला माहीत नसतं. मी आता दोन वेग ठरवून जातो. गारव्याचा एक, उकाड्याचा एक. उकाड्याच्या वेगाने गेल्या महिन्यात पूर्ण केली. वेळ सांगत नाही.

*

धागाकर्ता

सगळं वाचलं. माझ्या मनात होतं ते कोणी लिहिलं नाही, म्हणून मीच लिहितो.

थंडीत आमचा गट नऊचा होता तो हौसेने नव्हे. काळोखात एकट्याने कोणी उठत नाही. खाली कोणीतरी थांबलंय या धाकाने पांघरूण फेकलं जातं. एखादा आला नाही तर फोन जातो, शिव्या जातात. उजेड आणि ऊब आली की धाक संपतो. कोणी संध्याकाळी पळतो, कोणी स्पर्धेच्या तक्त्याप्रमाणे एकटा, कोणी सायकल बाहेर काढतो. कोणाचं काही चुकत नाही. पण गेल्या वर्षी चौथ्या रविवारी मी चौकात उभा होतो तर सदुसष्टीतले काका आणि मी, दोघंच. त्या दिवशी आम्ही काकांच्या वेगाने चौदा किलोमीटर गेलो. हार्ट रेट वर्षभरात इतका शहाण्यासारखा कधी राहिला नव्हता, आणि गरम हवेत हळू कसं पळायचं हे मी तिथे शिकलो. दर वीस मिनिटांनी गजर वाजायचा, दोघंही दोन घोट प्यायचो.

म्हणून यंदा ठरवलंय, पुढचे तीन रविवार सगळे काकांच्या वेगाने. ज्याला तक्ता पाळायचाय त्याने सोमवारपासून पाळावा. वेळ साडेपाचऐवजी पावणेपाच. नडगीवाली ताई, तुम्ही सायकलवर या.

आणि हातमोज्यांच्या तीन जोड्या अजून माझ्याकडेच आहेत. एक जोडी निळी, अंगठ्याला भोक. कोणाची?

*

भिंतीकडे तोंड करून बसलेला सायकलवाला

निळी माझी. ठेवा तुमच्याकडेच, पुढच्या थंडीत घेईन. पावणेपाचला येतो.